फायरवॉलचा दोष आणि विकिपीडियाचा हरताळ

१८ जानेवारी २०१२, बुधवार. सकाळी पावणेअकराच्या सुमारास ग्रंथालयातून फोन आला, तेव्हा मी टेबलाखाली उकिडवा बसून गेटवेच्या मागची केबल हलवून पाहत होतो. ‘‘अहो सर, सकाळपासून निम्म्या साइट उघडत नव्हत्याच, आता विकिपीडियापण गेला. नुसता काळा पडदा दिसतोय,’’ ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या. मी ‘‘बघतो, मॅडम’’ म्हणालो आणि मनातल्या मनात आदल्या रात्रीच्या माझ्या उत्साहाला शिव्या घातल्या.

मी तेव्हा पुण्यातील एका शिक्षणसंस्थेत संगणकांची देखभाल पाहत असे. साठेक संगणकांचे इंटरनेट एका जुन्या डेस्कटॉपमधून जात असे; तोच आमचा गेटवे. त्याला दोन नेटवर्क कार्डे होती, एक ब्रॉडबँडच्या मोडेमकडे जाणारे आणि दुसरे आतल्या स्विचकडे, आणि मध्ये लिनक्सवर आयपीटेबल्सची फायरवॉल, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या माहितीतले काय सोडायचे आणि काय अडवायचे हे ठरवणारी तटबंदी. तिचे नियम माझ्या आधीच्या तीन जणांनी तीन वेगवेगळ्या काळात ठिगळे लावल्यासारखे लिहिलेले होते. कोणती ओळ कशासाठी आहे हे सांगणारे कोणी उरले नव्हते. १७ तारखेच्या रात्री मी ते सगळे बाजूला ठेवून कोऱ्या फाइलीत नवे नियम लिहिले, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, गेटवेच्याच कीबोर्डवर बसून चार-पाच साइट उघडून पाहिल्या आणि अकराच्या सुमारास निर्धास्तपणे घरी गेलो. चाचणी गेटवेवर बसून घेतली, हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार होता.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २००१ सालापासून, नेटफिल्टर नावाची यंत्रणा आहे आणि तिला नियम सांगण्याचे साधन म्हणजे आयपीटेबल्स. इंटरनेटवरची माहिती पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांत जाते. यंत्रात येणाऱ्या, यंत्रातून निघणाऱ्या आणि यंत्रातून पुढे जाणाऱ्या पॅकेटांसाठी इनपुट, आउटपुट आणि फॉरवर्ड अशा तीन साखळ्या असतात. प्रत्येक साखळीतले नियम वरून खाली वाचले जातात, जो नियम आधी लागू पडेल त्याचा निवाडा अंतिम मानला जातो, आणि एकही लागू पडला नाही तर साखळीचे ठरलेले धोरण चालते. त्यामुळे फायरवॉलमधल्या बऱ्याचशा चुका नियमांच्या मजकुरात नसून त्यांच्या क्रमात असतात. नियमांची यादी मागवताना आकडे दाखवण्याचा पर्याय दिला, की प्रत्येक ओळीसमोर त्या नियमात किती पॅकेटे सापडली हे दिसते. नवशिक्याने दुसरे काही शिकले नाही तरी चालेल, पण हे आकडे वाचायला शिकावे. ज्या नियमावर आपला संशय आहे त्याच्यासमोर शून्य असेल तर तो नियम निर्दोष आहे; ज्याच्याकडे आपण पाहतही नव्हतो त्याचा आकडा दर सेकंदाला वाढत असेल तर चोर तिथेच आहे.

पॅकेट अडवण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. ड्रॉप म्हटले की पॅकेट गुपचूप टाकून दिले जाते आणि पाठवणारा उत्तराची वाट पाहत राहतो. रिजेक्ट म्हटले की पाठवणाऱ्याला नकार कळवला जातो. दार वाजवल्यावर आतून ‘‘साहेब घरी नाहीत’’ असे कोणी सांगणे आणि आत माणसे असूनही कोणी हूं की चूं न करणे, यांत जो फरक आहे तोच. रिजेक्ट झाले की ब्राउझर लगेच सांगतो की जोडणी नाकारली गेली. ड्रॉप झाले की ते चक्र फिरत राहते आणि वापरणारा आधी स्वतःच्या संगणकाला, मग मोडेमला आणि शेवटी आम्हाला दोष देतो. शेवटचा दोष बहुधा बरोबर असतो.

तर त्या सकाळच्या तक्रारी चक्र फिरत राहण्याच्या होत्या. शोधयंत्र उघडत होते, काही वर्तमानपत्रे उघडत होती, पण काही साइटचे पान अर्धे येऊन थांबत होते आणि ईमेलला फाइल जोडून पाठवली की ती कितीही वेळ गेली तरी जात नव्हती. साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधण्यात अडचण असावी म्हणून मी डिग ही आज्ञा चालवली, तर पत्ते झटपट मिळत होते. गेटवेवर बसून पाहिले तर सगळे सुरळीत होते. ग्रंथालयातल्या संगणकावर मात्र रड कायम.

आणि त्यातच हा काळा पडदा. मी ग्रंथालयात जाऊन पाहिला, तेव्हा पहिल्या क्षणी मला वाटले की कोणीतरी आमचे डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था, पळवले आहे. पण पडद्यावर मजकूर होता. मुक्त ज्ञान नसलेल्या जगाची कल्पना करून पाहा, असे आवाहन होते; अमेरिकी काँग्रेससमोरच्या विधेयकांमुळे इंटरनेटचे नुकसान होईल असा इशारा होता; आणि अमेरिकी वाचकाला आपला पिन कोड टाकून आपल्या लोकप्रतिनिधीपर्यंत पोहोचण्याची सोय होती. हे सगळे वाचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, कारण आयपीटेबल्स कधीही कोणाला पत्र लिहीत नाही. पान आले, त्यावर अक्षरे आली, याचाच अर्थ जोडणी झाली, विनंती पोहोचली आणि पलीकडच्या सर्व्हरने विचारपूर्वक उत्तर दिले. तरीही मी दहा मिनिटे बाहेरच्या दुसऱ्या डीएनएस सर्व्हरकडून तोच पत्ता मागवून ताडून पाहण्यात घालवली. एका विद्यार्थ्याने तोवर शोधून काढले होते, की पान उघडताना मूळ लेख क्षणभर दिसतो आणि त्याच क्षणी एस्केपची कळ दाबली तर काळा पडदा येतच नाही. जावास्क्रिप्ट बंद केले तरीही लेख वाचता येत होता. इंग्रजी विकिपीडियाने दाराला कडी लावली होती, कुलूप घातले नव्हते.

आमच्याकडच्या साडेदहाला, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मध्यरात्री, हा चोवीस तासांचा बंद सुरू झाला होता. मराठी विकिपीडिया उघडत होता. मॅडमना मी सांगितले, की हा आपला दोष नाही, तिकडे हरताळ आहे. त्यांना ते लगेच पटले. बाजारपेठ बंद ठेवून निषेध करणे हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ‘‘मग बाकीच्या साइटपण हरताळातच आहेत का?’’ असे त्यांनी विचारले तेव्हा मात्र मी खाली मान घालून पुन्हा गेटवेकडे गेलो.

शेवटी पॅकेटे टिपून दाखवणारा टीसीपीडम्प लावला आणि एका अडकणाऱ्या साइटचा संवाद पॅकेट पॅकेट करून वाचला. सुरुवातीचे तीन पॅकेटांचे हस्तांदोलन व्यवस्थित झालेले होते. विनंती गेली होती. त्यानंतर सर्व्हरकडून यायला हवे होते ते मोठे तुकडे आलेच नव्हते, पण उत्तराचा शेवटचा, आखूड तुकडा मात्र एकटाच येऊन पोहोचला होता. वरातीतले सगळे वऱ्हाडी वाटेत हरवावेत आणि मागून चालणारा पोऱ्या तेवढा मांडवात यावा, तसा. लहान येते आणि मोठे येत नाही, हे दिसल्यावर आजार ओळखता आला.

इथरनेटवर एका पॅकेटमध्ये १५०० बाइट मावतात. आमची जोडणी पीपीपीओई पद्धतीची होती आणि त्या पद्धतीत प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट वेष्टनातच जातात, म्हणून आमच्या वाटेवर १४९२ च मावत होते. आतला संगणक जोडणी मागताना स्वतःच्या कार्डाप्रमाणे १४६० बाइटचे तुकडे चालतील असे कळवतो. त्यात शीर्षकाचे ४० मिळवले की १५०० होतात आणि असे पॅकेट आमच्या अरुंद दारातून जात नाही. अशा वेळी वाटेतल्या राउटरने पाठवणाऱ्याला आयसीएमपीचा, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना अडचणी कळवण्याच्या पद्धतीचा, निरोप द्यायचा असतो, की बाबा रे, एवढे मोठे मावत नाही, लहान करून पाठव. पण पुष्कळ ठिकाणचे व्यवस्थापक सुरक्षिततेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद करतात. मग निरोप पोहोचत नाही आणि सर्व्हर तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. यावरचा उपाय म्हणून गेटवेवर मँगल नावाच्या टेबलमध्ये, म्हणजे नियमांच्या एका गटात, एक ओळ घालतात, जी जाता जाता १४६० चा आकडा बदलून १४५२ करते. ती ओळ जुन्या ठिगळांमध्ये होती. माझ्या कोऱ्या फाइलीत फिल्टर आणि नॅट ही दोनच टेबले होती. यंत्र पुन्हा सुरू झाले आणि ती ओळ कायमची गेली.

गेटवेवर बसून सगळे का चालत होते, हेही आता उलगडले. गेटवेला स्वतःच्या दाराची रुंदी ठाऊक असते, म्हणून तो स्वतःसाठी मागताना आपणहून १४५२ मागतो. जे यंत्र कधीच अडकणार नाही त्याच्यावरच मी परीक्षा घेतली होती. आणि फाइली का जात नव्हत्या? कारण मीसुद्धा पिंग (यंत्र जागे आहे का हे विचारणारा आयसीएमपीचा निरोप) बंद केले की सुरक्षित, या समजुतीने आयसीएमपी ड्रॉप करण्याचा नियम सगळ्यात वर, सुरू असलेल्या जोडण्यांना परवानगी देणाऱ्या नियमाच्याही वर, लिहिला होता, आणि आउटपुटच्या साखळीतही तोच. माझाच गेटवे आतल्या संगणकाला ‘‘लहान करून पाठव’’ असे सांगू पाहत होता आणि मीच त्याचे तोंड दाबले होते. त्या ओळीसमोरचा आकडा सकाळपासून हजारोंनी वाढलेला होता. मी तो एकदाही पाहिला नव्हता. दोन ओळी बदलल्या, पॅकेट न तोडण्याची अट घालून १४६४ बाइटचा पिंग केला तो गेला, १४६५ चा केला तर १४९२ च मावतात असे स्पष्ट उत्तर आले. एवढे मनमोकळे उत्तर मला त्या दिवशी प्रथमच मिळत होते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या विधेयकांविषयी वाचले. प्रतिनिधिगृहातले विधेयक सोपा (स्टॉप ऑनलाइन पायरसी अॅक्ट) या आद्याक्षरांनी ओळखले जात होते. टेक्सासचे लामार स्मिथ यांनी ते २६ ऑक्टोबर २०११ रोजी मांडले होते. सिनेटमधले त्याचे भावंड पिपा (प्रोटेक्ट आयपी अॅक्ट), ते मे २०११ मध्ये पॅट्रिक लेही यांनी आणलेले. अमेरिकेबाहेरच्या चोरट्या साइटवर अमेरिकी कायद्याचा हात पोहोचत नाही, म्हणून अमेरिकेतल्या मधल्या लोकांना कामाला लावायचे, असा त्यांचा सूर होता: शोधयंत्रांनी ती साइट यादीतून काढायची, पैसे पोहोचवणाऱ्या कंपन्यांनी पैसे थांबवायचे, जाहिरातदारांनी जाहिराती काढून घ्यायच्या आणि इंटरनेट सेवा देणाऱ्यांनी त्या नावाचा पत्ताच सांगायचे बंद करायचे. सोपाच्या मसुद्यात न्यायालयाचा आदेश हाती आल्यापासून यासाठी पाच दिवस दिलेले होते. चोरी थांबावी या हेतूशी माझे भांडण नाही. चित्रपट चोरून पाहण्याला ज्ञानाचे स्वातंत्र्य म्हणणारे विद्यार्थी मी रोज पाहत होतो आणि त्यांचे टॉरेंट अडवणेही माझ्याच कामाचा भाग होता.

पण पत्ता सांगायचे बंद करण्याची युक्ती फायरवॉल चालवणाऱ्या कोणालाही खटकावी अशीच होती. डीएनएस म्हणजे नाव दिले की पत्ता सांगणारी टपालखात्यासारखी व्यवस्था. कोणी मध्येच खोटा पत्ता सांगू नये म्हणून उत्तरावर सही करण्याची डीएनएससेक ही पद्धत अनेक वर्षे खपून उभी केली जात होती, आणि नेमके त्याच वेळी कायदा म्हणत होता, की सेवा देणाऱ्याने काही नावांबाबत खरे उत्तर दाबून ठेवावे. सही तपासणाऱ्या यंत्राला ते उत्तर कायद्याने दाबले की चोराने, हे कळायला मार्ग नाही. ते दोन्हींना हल्लाच समजणार, आणि समजले पाहिजे, नाहीतर सहीचा उपयोग काय? मे २०११ मध्ये पॉल व्हिक्सी, डॅन कमिन्स्की, स्टीव्ह क्रॉकर आणि आणखी दोघा तज्ज्ञांनी पिपाच्या संदर्भात नेमका हाच आक्षेप तांत्रिक टिपणातून मांडला होता. यांपैकी कमिन्स्की यांनीच २००८ मध्ये डीएनएसमधले मोठे भगदाड दाखवून दिले होते, तेव्हा त्यांचे म्हणणे कानाआड करण्यासारखे नव्हते. डिसेंबरमध्ये ऐंशीहून अधिक इंटरनेट अभियंत्यांनी काँग्रेसला पत्र लिहिले. हरताळाच्या आधीच, जानेवारीच्या मध्यास, दोन्ही विधेयकांच्या कर्त्यांनी डीएनएसचा भाग मागे घेण्याची तयारी दाखवली होती, हे आंदोलनाच्या कौतुकात अनेकदा विसरले जाते. काळ्या पडद्याने तो भाग पाडला नाही. त्याने उरलेले विधेयक पाडले.

त्या एका दिवसात सोळा कोटींहून अधिक लोकांनी तो काळा पडदा पाहिला आणि ऐंशी लाखांनी आपल्या लोकप्रतिनिधीचा संपर्क शोधला, असे विकिमीडिया फाउंडेशनने नंतर सांगितले. रेडिट बारा तास बंद होते. गूगलने अमेरिकेत आपल्या बोधचिन्हावर काळी पट्टी ओढली आणि अर्जावर सह्या गोळा केल्या. २० जानेवारीला सिनेटमधले २४ तारखेचे मतदान पुढे ढकलले गेले, स्मिथ यांनीही सोपा बाजूला ठेवले, आणि ती दोन्ही विधेयके पुन्हा उठली नाहीत.

मधल्या दिवशी, १९ तारखेला, दुसरे एक प्रकरण झाले. अमेरिकी सरकारने आधीपासून असलेल्या कायद्यांच्याच आधारे मेगाअपलोड ही फाइली ठेवण्याची साइट बंद केली आणि त्याचा सूड म्हणून अॅनॉनिमस या निनावी हॅकरांच्या गटाच्या झेंड्याखालच्या मंडळींनी न्यायखात्याच्या आणि चित्रपट-संगीत उद्योगाच्या संकेतस्थळांवर पॅकेटांचा भडिमार करून ती पाडली. आमच्या प्रयोगशाळेतल्या दोन पोरांच्या डोळ्यांत त्याचे कौतुक चमकत होते. मला ते कौतुक वाटले नाही आणि आजही वाटत नाही. त्यासाठी वापरले जाणारे साधन वापरणाऱ्याचा पत्ता लपवतसुद्धा नाही. पलीकडच्या फायरवॉलच्या लॉगमध्ये तो ओळीने नोंदला जातो, हे मी त्या दोघांना त्यांच्याच संगणकावरून पाठवलेली पॅकेटे गेटवेच्या लॉगमध्ये दाखवून पटवले. पण भीती हा मुद्दा दुय्यम आहे. स्वतःच्या दुकानाचे शटर ओढून दारावर कारण लिहिणे हा हरताळ; दुसऱ्याच्या दारात गर्दी करून कोणालाच आत जाऊ न देणे याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, आणि त्या दाराआड माझ्यासारखाच कोणीतरी उकिडवा बसलेला असतो.

चारच महिन्यांत हे सगळे आपल्या अंगणात आले. दोन दाक्षिणात्य चित्रपटांच्या चोरट्या प्रती पसरू नयेत म्हणून मद्रास उच्च न्यायालयातून अज्ञात व्यक्तींविरुद्ध आदेश मिळवण्यात आला आणि मे २०१२ मध्ये काही सेवा देणाऱ्यांनी त्याच्या आधारे चोरट्या प्रतींसाठी ओळखली जाणारी पायरेट बेच नव्हे, तर व्हिमिओ (व्हिडिओंची) आणि पेस्टबिन (मजकूर ठेवण्याची) यांसारख्या साइटही सबंधच्या सबंध बंद केल्या. माझ्याकडे पुन्हा फोन सुरू झाले. या वेळी मी आधी स्वतःचे आकडे पाहिले. ते निर्दोष होते. संस्थेतल्या एका जोडणीवर न्यायालयीन आदेशाचा उल्लेख करणारी एका वाक्याची सूचना येत होती, तर दुसरीवर नुसते चक्र फिरत होते. तोच आदेश, पण एकाने रिजेक्ट केले होते आणि दुसऱ्याने ड्रॉप. पहिल्या जोडणीवर मला दोन मिनिटांत उत्तर मिळाले. दुसरीवर मी अख्खी दुपार पॅकेटे वाचत बसलो आणि ग्राहकसेवेतल्या मुलाने मला मोडेम बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले.

९ जून रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर आणि इतर शहरांत मुखवटे घातलेली तरुण मंडळी याविरुद्ध जमली. संख्येने थोडी होती, पण होती. त्याच महिन्यात न्यायालयाने स्पष्ट केले, की बंदी चित्रपटाची प्रत असलेल्या नेमक्या दुव्यांपुरती आहे, सबंध साइटसाठी नाही. फायरवॉलच्या भाषेत सांगायचे तर एका पत्त्याच्या एका दारासाठी लिहायचा नियम कोणीतरी अख्ख्या पेठेसाठी लिहिला होता, आणि त्याच्यासमोरचा आकडा पाहण्याची सोय आमच्यापैकी कोणालाच नव्हती.

पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये वेबच्या प्रमाणभाषेत ४५१ हा नवा क्रमांक अधिकृतपणे आला. पान सापडत नसेल तर सर्व्हर ४०४ म्हणतो. कायदेशीर कारणाने देता येत नसेल तर आता ४५१ म्हणावे आणि शक्यतो कोणाच्या मागणीवरून ते अडवले आहे हेही सांगावे, अशी ती तरतूद आहे. पुस्तके जाळण्यावरच्या रे ब्रॅडबरी यांच्या कादंबरीच्या नावातला तो आकडा आहे. आपल्याकडे बंद साइट उघडताना मला तो फार थोड्या वेळा दिसला. बहुतेकदा चक्रच फिरते.

ती संस्था मी सोडली आहे, पण तिथल्या गेटवेचे काम अधूनमधून माझ्याकडे येते. दोन वर्षांपूर्वी जुने यंत्र काढून नव्यावर एनएफटेबल्स, म्हणजे आयपीटेबल्सचा वारसदार, घातले, तेव्हा तिथल्या तरुण व्यवस्थापकाने मला फोन केला, की नियमांची यादी तर रिकामी दिसते आणि तरीही पॅकेटे अडत आहेत. नव्या लिनक्समध्ये आयपीटेबल्सची जुनी आणि नवी अशी दोन रूपे शेजारी शेजारी नांदू शकतात आणि एकाची यादी मागितली तर दुसऱ्यातले नियम दिसत नाहीत. त्याच्या यंत्रावर जुन्या रूपातले नियम अजून जिवंत होते. ते काढताना त्याने मला एक ओळ वाचून दाखवली आणि विचारले, ‘‘सर, ही १४५२ ची ओळ उडवू का? काही कामाची वाटत नाही.’’ मी म्हणालो, ‘‘अरे, शेजारची टीप वाच.’’ आयपीटेबल्समध्ये नियमाला २५५ अक्षरांपर्यंत टीप जोडता येते. त्याने वाचली: १८ जानेवारी २०१२, विकिपीडियाच्या हरताळाचा दिवस, पीपीपीओईसाठी आवश्यक, काढल्यास ग्रंथालयातून फोन येईल.